२८४ + न : पाठ्यपुस्तकातील एक सूत्र आणि खाऱ्या पाण्यावरची काच

१/
सौर ऊर्जेचे जवळजवळ कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, की पहिल्या काही प्रकरणांतच एक सूत्र भेटते: २३.४५ × साइन [३६० × (२८४ + न) ÷ ३६५]. यातील 'न' म्हणजे १ जानेवारीपासून मोजलेला दिवसाचा क्रमांक. उत्तर येते ते त्या दिवशीच्या सूर्याच्या क्रांतीचे, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेस वा दक्षिणेस आहे त्या कोनाचे. आयआयटी मुंबईचे प्रा. सुहास सुखात्मे यांचे 'सोलर एनर्जी' हे पुस्तक १९८४ साली आले. भारतातील अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांनी हे सूत्र त्यातूनच गिरवले.

२/
सूत्र वापरून पाहावे. १ मे म्हणजे वर्षाचा १२१वा दिवस. उत्तर येते सुमारे १४.९ अंश उत्तर. मुंबई १९ अंशांवर आहे. क्रांती १९ अंशांवर पोहोचते तो दिवस शोधला तर मे महिन्याचा मध्य येतो, आणि मुंबईत शून्य सावलीचा दिवस नेमका तेव्हाच असतो.

३/
पुस्तकात या सूत्राशेजारी एक नाव असते: कूपर, १९६९. वाचणाऱ्याचा समज होतो, की हे कुणी खगोलशास्त्रज्ञ असावेत. ज्या शोधनिबंधात हे सूत्र आले त्याचा आकाशाशी संबंध थोडाच होता. त्याचा विषय होता सौर ऊर्ध्वपातन पेटीत, म्हणजे उन्हाने खारे पाणी गोडे करणाऱ्या काचेच्या पेटीत, सूर्याचे प्रारण किती व कसे शोषले जाते हा. पी. आय. कूपर यांनी पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला काचेच्या झाकणाच्या अशा पेट्यांवरील प्रबंध सादर केला. पेटी कागदावर आणि संगणकात चालवून पाहणे हे त्या संशोधनाचे सूत्र होते. या धाग्याचा विषय तोच आहे.

४/
पेटी दिसायला अगदी साधी असते. काळ्या तळाचे उथळ टाके, त्यात खारे पाणी, वर उतरती काच. ऊन काचेतून आत शिरते, काळा तळ ते शोषतो, पाणी तापते, वाफ वर जाते, तुलनेने थंड काचेच्या आतल्या बाजूवर तिचे थेंब होतात आणि ओघळून कडेच्या पन्हळीत जमतात. मीठ खाली राहते. समुद्रावरून ढग उठून पाऊस पडतो तीच क्रिया इथे एका पलंगाएवढ्या जागेत घडते. कसे घडते ते शाळकरी मुलालाही सांगता येते. किती पाणी मिळेल, हे मात्र शंभर वर्षे कुणालाच आधी सांगता येत नव्हते.

५/
मोठ्या प्रमाणावरचा पहिला प्रसिद्ध प्रयोग १८७२ सालचा. स्थळ लास सालिनास, आजच्या चिलीतील अटाकामा वाळवंट. तिथे सोऱ्याच्या खाणी होत्या. पाऊस जवळजवळ नाहीच आणि विहिरींचे पाणी इतके खारट, की त्यात वजनाने सुमारे १४ टक्के क्षार. समुद्राच्या पाण्याच्या चौपट. चार्ल्स विल्सन या स्वीडिश अभियंत्याने तिथे लाकडी वाफ्यांची रांगच्या रांग उभी केली, त्यांचे तळ काळे केले आणि वर काचा बसवल्या. काचेचे एकूण क्षेत्र साडेचार हजार चौरस मीटरांच्या आसपास होते.

६/
चांगल्या दिवसांत तिथून २२ हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी निघे. ते प्रामुख्याने खाणीचा माल ओढणाऱ्या खेचरांसाठी होते, ही बाब सौर ऊर्जेच्या गौरवगाथांत सहसा गाळली जाते. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे जोसाया हार्डिंग यांनी १८८३ साली या कारखान्याचा वृत्तांत ठेवला. पुढची कित्येक दशके जगापाशी उपलब्ध असलेली खरीखुरी आकडेवारी जवळपास तेवढीच होती. भागाकार केला तर दर चौरस मीटर काचेमागे दिवसाला पाच लिटर. हे पाचच का, दहा का नाहीत, याचे उत्तर त्या वृत्तांतात मिळत नाही. तो प्रश्न विचारण्याची त्या अभियंत्यांना गरजही नव्हती. खेचरे जगत होती आणि सोरा बंदरापर्यंत जात होता.

७/
दुसऱ्या महायुद्धाने पेटी पुन्हा वर आणली. बुडालेल्या जहाजांचे खलाशी व पडलेल्या विमानांचे वैमानिक तराफ्यांवर तहानेने मरत. बुडापेस्टमध्ये १९०० साली जन्मलेल्या आणि तिथेच डॉक्टरेट मिळवलेल्या मारिया टेल्केस तेव्हा अमेरिकेतील एमआयटीत होत्या. त्यांनी फुगवता येणारी, पारदर्शक प्लास्टिकची, पाण्यावर तरंगणारी पेटी घडवली. ती सैन्याच्या हाती पडेपर्यंत युद्ध संपत आले होते. पण विषय प्रयोगशाळेत शिरला तो शिरलाच.

८/
१९५२ मध्ये अमेरिकी सरकारने खारे पाणी गोडे करण्याच्या संशोधनासाठी कायदा केला आणि वेगळे कार्यालय स्थापले. फ्लोरिडात डेटोना बीच येथे वेगवेगळ्या घडणीच्या पेट्या शेजारी शेजारी बांधण्यात आल्या. एक वाद त्या काळी जोरात होता: पाणी उथळ ठेवावे की खोल? जॉर्ज लोफ यांचा कल खोल टाक्याकडे होता. खोल पाणी आणि खालची जमीन दिवसा उष्णता साठवतील, रात्री सोडतील, बांधकामही स्वस्त पडेल, असा तो विचार होता. उथळाच्या बाजूचे म्हणत, पाणी थोडे असेल तर लवकर व जास्त तापेल. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकताना पटते, हीच अडचण. निवाडा करायचा तर दोन्ही बांधायच्या आणि वर्षभर पाणी मोजायचे. मध्येच काच फुटली, एखादा सांधा गळला, पावसाळा लांबला, की वर्ष वाया. शिवाय फ्लोरिडातले उत्तर दुसऱ्या हवामानात लागू पडेलच असे नाही.

९/
याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात, हा प्रश्न अधिक निकडीचा होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाला त्याची जुनी आठवण होती. १८९२ साली कूलगार्डीला सोने सापडले, पुढच्या वर्षी कालगुर्लीला. हजारो माणसे अशा प्रदेशात धावली जिथे नदी नाही आणि जमिनीखालचे पाणी मिठासारखे. तिथे लोखंडी टाक्यांखाली लाकडे जाळून खारे पाणी उकळत आणि वाफ थंड करून विकत. पाणी भयंकर महाग होते. जळणासाठी भोवतालची झाडे तुटत गेली, तशी लाकडेही दूरदूरहून आणावी लागली.

१०/
त्यावर सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने तोड सुचवली: पर्थजवळच्या मंडारिंग धरणातून पाचशेहून अधिक किलोमीटर लांब नळ, वाटेत आठ पंपगृहे, आणि पाणी चढावर ढकलत नेणे. वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. मार्च १९०२ मध्ये ओकॉनर यांनी आत्महत्या केली. जानेवारी १९०३ मध्ये, दहा महिन्यांनी, पाणी कालगुर्लीला पोहोचले आणि आजही पोहोचते. पण नळ सोन्याच्या शहरापर्यंतच परवडतो. गुरांचे तळ, रस्त्यावरची एकाकी ठाणी, लहान खाणींची वस्ती यांच्या पायाखाली खारे पाणी होते आणि डोक्यावर ऊन. विदर्भातील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना, विहीर भरलेली असून तहान न भागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

११/
ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय संशोधन संस्था सीएसआयआरओ हिने हे काम हाती घेतले. रॉजर मोर्स यांच्या नेतृत्वाखाली मेलबर्नमध्ये सौर ऊर्जेचा गट उभा राहिला होता. कॅलिफोर्नियाहून आलेले उष्णताशास्त्राचे जाणकार आर. व्ही. डंकल त्यात होते. १९६१ साली डंकल यांनी एक शोधनिबंध मांडला, आणि पेटीचे शास्त्र खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

१२/
डंकल यांनी पेटीचा जमाखर्च लिहिला. पाण्याकडे जमा: काचेतून आलेले ऊन. पाण्याकडून खर्च: वाफेबरोबर काचेकडे जाणारी उष्णता, हवेच्या अभिसरणाने जाणारी, प्रारणाने जाणारी आणि तळातून जमिनीत झिरपणारी. काचेचे खाते वेगळे: पाण्याकडून जे आले ते आकाशाला व वाऱ्याला देणे. या सगळ्या खर्चांत उपयोगी एकच, वाफेबरोबर जाणारा. गोडे पाणी तेवढेच. बाकी सारे नुकसान.

१३/
इथे डंकल यांनी एक सुंदर गोष्ट हेरली. पाण्याच्या वाफेचा रेणू १८ वजनाचा, हवेचा सरासरी २९. म्हणून दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. (दमट हवा जड वाटते ती आपल्याला, तराजूला नाही.) पेटीत पाण्यालगतची हवा गरम असल्याने वर उठतेच, पण दमट असल्यामुळे आणखी जोरात उठते. म्हणजे बाष्पीभवन स्वतःच आपल्या अभिसरणाला हातभार लावते. तापमानातील फरक आणि बाष्पदाबातील फरक ही दोन्ही कारणे एकत्र बांधून त्यांनी अभिसरणाचे समीकरण दिले. त्यातला ०.८८४ हा गुणक या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो.

१४/
समीकरण मिळाले म्हणजे उत्तर मिळाले असे नाही. बाष्पदाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. ३० अंशांना तो सुमारे ४.२ किलोपास्कल असतो, ६० अंशांना जवळजवळ २०. तापमान दुप्पट, दाब पावणेपाच पट. पाण्याचे तापमान काढायचे तर बाष्पीभवन माहीत हवे. बाष्पीभवन काढायचे तर पाण्याचे व काचेचे तापमान माहीत हवे. काचेचे तापमान पुन्हा बाष्पीभवनावर अवलंबून. अंदाजाने एक आकडा धरायचा, सगळे गणित करायचे, चुकलेले दिसले की आकडा बदलून पुन्हा करायचे. बरे, ऊन सकाळी वेगळे, दुपारी वेगळे, आणि दुपारच्या पाण्यात सकाळची उष्णता शिल्लक असते. एका दिवसाचा हिशोब हाताने करताना माणूस थकून जाई. वर्षाचा हिशोब करण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे.

१५/
कूपर यांचे काम हे होते. १९६९ मध्ये 'सोलर एनर्जी' या नियतकालिकात त्यांचे दोन निबंध एकाच खंडात आले. एक प्रारणाच्या शोषणावर, ज्यात क्रांतीचे सूत्र आहे, आणि दुसरा पेटीतील बदलत्या क्रियांच्या अंकीय प्रतिमानावर. संगणकाला सकाळचे तापमान सांगायचे, ऊन, वारा आणि हवेचे तापमान पुरवायचे. तो दिवसाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात दोन्ही खाती जुळेपर्यंत गणित फिरवतो आणि पुढच्या तुकड्यावर जातो. सूर्यास्ताला थांबायचे कारण नाही. पेटी रात्रीही चालते.

१६/
आता त्या सूत्राची गरज लक्षात येते. ऊन काचेवर सरळ पडले तर साधारण ८ टक्के परावर्तित होते. किरण तिरपे होत गेले की परावर्तन आधी हळूहळू, मग झपाट्याने वाढते. काचेला जवळजवळ समांतर आलेल्या किरणांतले बहुतेक बाहेरच राहतात. म्हणून वर्षातल्या प्रत्येक दिवशी, दिवसातल्या प्रत्येक घटकेला, सूर्य काचेशी किती अंशांचा कोन करतो ते संगणकाला कळले पाहिजे. त्यासाठी पंचांगाची कोष्टके भरत बसण्यापेक्षा एक ओळीचे सूत्र सोयीचे. २८४ हा आकडा गूढ नाही. मार्चच्या २२ तारखेस, ८१व्या दिवशी, कंसातली बेरीज ३६५ होते आणि साइनचे मूल्य शून्य येते. विषुवदिन तिथे बसवण्यासाठी केलेली ती जुळणी आहे.

१७/
सूत्र स्थूल आहे. त्यात पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार धरली आहे. २३ सप्टेंबरला, शरद विषुवदिनी, क्रांती शून्याच्या आसपास असायला हवी. सूत्र दक्षिणेला एक अंश दाखवते. काचेवरचा कोन काढताना एका अंशाने काही बिघडत नाही. ऑस्ट्रेलियाच्याच जे. डब्ल्यू. स्पेन्सर यांनी १९७१ मध्ये अधिक अचूक श्रेणी दिली. ती लांबलचक आहे. परीक्षेत मात्र विद्यार्थी आजही २८४च लिहितात.

१८/
प्रतिमानाने काय सांगितले? खोलीच्या वादाचा निकाल साधारणपणे उथळाच्या बाजूने लागला. पाणी कमी असले की ते अधिक तापते, आणि तापमान जसजसे वाढते तसतसा एकूण खर्चात बाष्पीभवनाचा वाटा मोठा होत जातो. बाष्पदाब झपाट्याने चढतो त्याचा हा फायदा. खोल टाक्याचेही म्हणणे पूर्ण खोटे ठरले नाही. त्यातील पाणी संध्याकाळनंतर, काच गार झाल्यावर, गोडे पाणी देत राहते. फक्त दिवसभराची बेरीज कमी भरते. तळाखाली उष्णतारोधक थर असेल तर फरक पडतो. वाऱ्याचे गणित दुहेरी असते. तो काच थंड करतो म्हणून वाफ भराभर संघनित होते, आणि तोच पाण्याचीही उष्णता खेचून नेतो. अशी उत्तरे काही तासांत मिळू लागली, आणि पर्थचे हवामान काढून दुसऱ्या गावाचे घालता येऊ लागले.

१९/
यानंतर कूपर यांनी जो प्रश्न विचारला तो या साऱ्या इतिहासातील सर्वांत धाडसी म्हणावा लागेल. १९७३ मध्ये 'सोलर एनर्जी'त त्यांचा निबंध आला, विषय: एकपदरी पेटीची कमाल कार्यक्षमता. तळातून काही झिरपत नाही, सांध्यातून काही गळत नाही, सारे मनासारखे आहे असे धरले तर पेटी किती देईल? संगणकाचे उत्तर होते, आलेल्या उन्हापैकी सुमारे ६० टक्के. त्यापलीकडे नाही. प्रत्यक्षातील चांगल्या पेट्या याहून बऱ्याच खाली असतात. ज्या यंत्रावर कूपर यांनी इतकी वर्षे काम केले, त्याची कमाल मर्यादा त्यांच्याच आकड्यांनी ठरवली.

२०/
ही मर्यादा लिटरांत मांडून पाहू. एक किलो गरम पाण्याची वाफ करायला सुमारे २.३६ मेगाज्यूल उष्णता लागते. हा अप्रकट उष्मा, त्यात घासाघीस नाही. उत्तम उन्हाच्या दिवशी एका चौरस मीटरवर २५ मेगाज्यूल येतात असे धरू. सगळे ऊन वापरले गेले तर साडेदहा लिटर. ६० टक्के म्हणजे सहा-साडेसहा. गळती, धूळ, झिरप वजा जाता तीन ते पाच. लास सालिनासच्या पाच लिटरांचे कोडे इथे सुटते. विल्सन यांचा तो जुना लाकडी कारखाना निसर्गाने घालून दिलेल्या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचलेला होता. शंभर वर्षांत काच, सिमेंट, रबर सारे सुधारले. दर चौरस मीटरचे पाणी फारसे सुधारले नाही, आणि का नाही ते आता कळले.

२१/
प्रत्यक्षात काय घडत होते? दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पीडी हे ओपल खाणींचे गाव आहे. उष्म्यापासून वाचण्यासाठी तिथले लोक जमिनीखाली घरे कोरून राहतात. १९६६ साली तिथे सुमारे तीन हजार चौरस मीटरांची सौर पेट्यांची मांडणी झाली. अशा मोठ्या मांडणीतून किती पाणी निघते हे काच आणि तळ यांच्यातील सांध्यांवर ठरते. वाफ बारीकशा फटीतूनही निसटते. क्षार साचून तळ पांढरा पडू लागला, की तो ऊन शोषण्याऐवजी परतवतो. पन्हळ जराशी कलली, की गोळा झालेले गोडे पाणी पुन्हा खाऱ्यात. समीकरणात यांपैकी एकही गोष्ट आपोआप येत नाही. १९७४ मध्ये कूपर आणि डब्ल्यू. आर. डब्ल्यू. रीड यांनी ऑस्ट्रेलियातील पेट्यांच्या रचनेचा व चालवण्याच्या अनुभवाचा आढावा प्रसिद्ध केला. प्रतिमान घडवणाराच बांधकामाच्या नोंदींकडे वळला, हे नव्या संशोधकांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

२२/
याच सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरीराजन यांनी पाणी जाऊ देणारे व मीठ अडवणारे कृत्रिम पटल घडवले होते. घरोघरी 'आरओ' म्हणून ओळखले जाते ते तंत्र तेच. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावात त्याचे पाणी लोक पिऊ लागले. तिथे वाफ करावीच लागत नाही, त्यामुळे अप्रकट उष्म्याचा तो भला मोठा खर्च मुळातच टळतो. एक हजार लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ६५० युनिट विजेइतकी उष्णता हवी. समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या आजच्या आरओ संयंत्राला तेवढ्याच पाण्यासाठी तीन-चार युनिट वीज पुरते. ऊन फुकट असले तरी काच आणि जमीन फुकट नसतात. कूबर पीडीला आज पाणी आरओ संयंत्रातूनच येते.

२३/
मग पेटी इतिहासजमा झाली का? नाही, आणि त्याचे कारणही त्या आकड्यांतच आहे. जिथे दिवसाला काही हजार लिटर पुरतात, वीज नाही, पंप व पटल दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही, तिथे तीन लिटर दर चौरस मीटर हे उत्तर चालण्यासारखे असते. भावनगरला १९५४ साली केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था सुरू झाली. (१९५६ ते १९६० हे भावनगर मुंबईच्या द्वैभाषिक राज्यात होते, म्हणजे तेवढा काळ ही प्रयोगशाळा मुंबई राज्यातलीच.) या संस्थेने भावनगरजवळच्या अवाणिया गावी १९७८ मध्ये सुमारे १,८५० चौरस मीटरांची पेट्यांची मांडणी उभारली. क्षमता दिवसाला पाच हजार लिटर. भागाकार पुन्हा करावा: दर चौरस मीटरला पावणेतीन लिटरांच्या आसपास. तिथे अपेक्षा आणि आकडा यांत भांडण नव्हते.

२४/
जोधपूरच्या मरुक्षेत्र संशोधन संस्थेत एच. पी. गर्ग व एच. एस. मान यांनी हवामान, रचना आणि वापराची पद्धत यांचा वर्षभराच्या उत्पादनावर होणारा परिणाम राजस्थानच्या संदर्भात तपासला. तो निबंध १९७६ चा. दिल्ली आयआयटीत एम. एस. सोधा आणि जी. एन. तिवारी यांच्याभोवती तर या विषयाची परंपराच निर्माण झाली. १९८२ मध्ये मलिक, तिवारी, कुमार व सोधा यांचे 'सोलर डिस्टिलेशन' हे पुस्तक निघाले. बहुपदरी पेट्या, वाती लावलेल्या पेट्या, संग्राहक जोडलेल्या पेट्या: ६० टक्क्यांची मर्यादा एकपदरी पेटीची आहे, तेव्हा काचेवर वाया जाणारी संघननाची उष्णता पुन्हा वापरली तर ती ओलांडता येईल, या दिशेने हे काम गेले. डंकल यांच्या १९६१ च्या निबंधाचा दुसरा अर्धा भाग अशाच एका बहुपदरी रचनेवर होता, हे इथे नोंदवले पाहिजे.

२५/
डंकल यांचे समीकरणही या तपासणीतून सुटले नाही. त्याच्या मुळाशी ०.०७५ हा गुणक आणि एक-तृतीयांश हा घातांक आहे. ते बंद पोकळीतील हवेच्या अभिसरणावरील जुन्या प्रयोगांतून घेतलेले. पाणी ५० अंशांवर आणि काच ३३ वर असताना जे जुळते, ते ८० अंशांना जुळेलच असे नाही. १९९६ मध्ये एस. कुमार आणि तिवारी यांनी उलटा रस्ता धरला. आधी पेटीतून निघालेले पाणी मोजायचे, तापमाने नोंदवायची आणि त्यांवरून त्या पेटीचा गुणक व घातांक शोधायचे. पेटीचा आकार, काचेचा उतार, पाण्याचे तापमान बदलले की दोन्ही आकडे बदलतात. सौर निःक्षारीकरणावर आज जे पीएच.डी.चे प्रबंध लिहिले जातात, त्यांतल्या अनेकांत पहिले काम हेच असते: स्वतःच्या पेटीतले पाणी मोजपात्राने तासातासाला मोजणे आणि डंकल यांच्या आकड्याशी ते किती जुळते ते पाहणे. संगणकावरचे आलेख त्यानंतर येतात.